ळ

चौथ्या दिवशी टॉवरचा लाल दिवाही विझला.
पैनगंगा शाळेच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसली होती,
उठायचं नाव घेत नव्हती.

लच्चू टेकाम मोहाच्या झाडावर चढला
वायरचं टोक दातांत धरून.
एक टोक मोहाला, दुसरं झेंड्याच्या खांबाला,
मध्ये वीस मीटर तांबं.
पहिला त्यावर एक खंड्या बसून गेला.

आश्रमशाळा मोहपूर, तालुका किनवट.
मुलं-मुली एकशे सहा,
शिवाय खालच्या वस्तीतली माणसं, ओसरीत.
ट्रॅक्टरची बॅटरी एक.
रेडिओ माझा.
परवान्याच्या परीक्षेला मी रजा मागितली तेव्हा
मुख्याध्यापक म्हणाले होते, बाई, हे खूळ कशाला?
आता तेच बॅटरीवर छत्री धरून उभे,
स्वतः भिजत.

ईमेलच म्हणतात याला.
पण हे पत्र शिट्ट्यांतून जातं,
चाळीस मीटरच्या पट्ट्यावर,
सुगरणीची पिलं एकदम भुकेजल्यासारखं.
चिवचिव. थांबा.
पलीकडून: आलं, पुढचं.
वीज कडाडली की तेवढा तुकडा पुन्हा.

रोहिणी सिस्टर सांगत होती, मी कापत होते.
कृपया, कापलं.
रात्रभर रडतोय, कापलं.
घोणस. डावा पाय. वय नऊ. सूज गुडघ्याच्या वर.
सिस्टर म्हणाली, नाव तरी घाला त्याचं.
मी म्हणलं, नावानं लस लवकर येते का?
आणि घातलं.
जंगू. रोमन लिपीत पाच अक्षरं.

कारण आपलं एक अक्षर या वाटेनं
तीन अक्षरांचं वजन घेऊन निघतं,
म्हणून मराठीला परक्या कपड्यांत पाठवायचं.
त्या कपड्यांत ळ मावत नाही.
शेवटच्या ओळीत तो राहिला:
डी, ए, एल. चाळीस. पाठवा.

पाऊण तासानं परभणीहून उत्तर.
चाळीसचं दल नाही. अकरा जवान मिळतील. चालेल?

आम्ही वाचलं. पुन्हा वाचलं.
सिस्टर पदर तोंडाला लावून खाली बसली,
चार दिवसांत पहिल्यांदा हसत.
मुख्याध्यापक सगळ्यात शेवटी, छत्री हलेपर्यंत.
मी लिहिलं: जवान येऊ द्या. पण वरणाची. तुरीची. चाळीस किलो.

परभणीच्या त्या माणसाला मी पाहिलेलं नाही.
सय्यद मुजीब, तारखात्यातून निवृत्त,
सगळी शाळा उर्दूतून झालेला, हे त्यानंच कधीतरी सांगितलेलं.
बाकी ओळख म्हणजे त्याची कॉल साइन
आणि शेवटी न चुकता त्र्याहत्तर,
म्हणजे आमच्यातला रामराम.

दुसऱ्या दुपारी बोट आली.
थर्मासात लस, एका बाजूनं भिजलेलं पोतं,
जवान नऊच.
जाताना जंगूला घेऊन गेली.
त्यानं लच्चूचा शर्ट सोडला नाही,
तर शर्टही गेला.

रात्री बॅटरी साडेअकरा व्होल्टवर.
बंद करणार, तर शिट्ट्या सुरू.
लांबल्या. मला वाटलं, मोठी यादी असेल.
अक्षरं एकेक उतरली,
देवनागरीत, पुऱ्या वजनाची:
लेकरे जेवले का

प्रश्नचिन्ह नव्हतं. काटकसर तेवढीच.

मी काट्याकडं बघितलं.
हो म्हणून भागलं असतं.
उघड्या अंगानं लच्चू शेजारी बसलेला,
मी काय लिहिते ते बघत.
लिहिलं:
डाळ शिजली. जंगूचं कळवा.

कुठंतरी माहूरच्या बाजूला वीज कडाडली.
दुसरा ळ
पुन्हा पाठवावा लागला.